सेवा व्यवसायाचा नफा ३१ मार्चला कसा ठरतो: उपार्जन पद्धत आणि समायोजन नोंदी

सेवा देणाऱ्या व्यवसायात माल नसतो, गोदाम नसते, वर्षअखेरीस मोजायचा शिल्लक साठाही नसतो. त्यामुळे अशा व्यवसायाचा हिशेब सोपा असणार, अशी अनेक मालकांची समजूत असते. ती बरोबर नाही. दुकानदाराने तांदळाचे पोते विकले की ते दुकानातून बाहेर जाते आणि विक्री कोणत्या दिवशी झाली याविषयी वाद उरत नाही. सेवा मात्र रोज थोडी थोडी, डोळ्यांना न दिसता दिली जाते. तिचे पैसे कधी सहा महिने आधी येतात, कधी चार महिने उशिरा येतात, आणि बिलावर तिसरीच तारीख असते. काम झाल्याची, बिल काढल्याची आणि पैसे मिळाल्याची अशा या तीन तारखा एकाच आर्थिक वर्षात पडल्या तर काही बिघडत नाही. पण त्यांच्या मधोमध ३१ मार्च आला, की हे उत्पन्न कोणत्या वर्षाचे, असा प्रश्न उभा राहतो. वर्षअखेरच्या समायोजन नोंदी याच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी केल्या जातात.

रोख पद्धतीत हा प्रश्न पडत नाही. पैसे आले की उत्पन्न, पैसे गेले की खर्च. उपार्जन पद्धतीत, जिला सनदी लेखापाल ‘मर्कंटाइल’ पद्धत असेही म्हणतात, उत्पन्न ज्या काळात कमावले गेले त्या काळात नोंदवायचे असते आणि ते कमावण्यासाठी झालेला खर्चही त्याच काळात दाखवायचा असतो; पैशांची देवघेव केव्हा झाली हा वेगळा विषय ठरतो. कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे कंपनीला उपार्जन पद्धतीने आणि द्विनोंदी पद्धतीनेच (प्रत्येक व्यवहार एका खात्यात नावे आणि दुसऱ्यात जमा) वह्या ठेवाव्या लागतात, तिथे निवडीला वाव नाही. एलएलपीला, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्थेला, २००८ च्या कायद्याने दोन्हींपैकी कोणतीही पद्धत स्वीकारता येते, तर आयकर अधिनियम १९६१ च्या कलम १४५ ने व्यावसायिकाला रोख किंवा मर्कंटाइल यांपैकी एक पद्धत निवडून ती सातत्याने पाळण्याची मुभा दिली. अनेक डॉक्टर आणि वकील रोख पद्धतीने हिशेब ठेवतात आणि ते पूर्णपणे कायदेशीर आहे. तरीही ज्यांचे काम महिनोन्महिने चालते किंवा ज्यांना वर्षाचे शुल्क एकदम मिळते, त्यांना रोख पद्धत स्वतःच्याच धंद्याचे चुकीचे चित्र दाखवते, असे माझे स्पष्ट मत आहे.

३१ मार्च ही रेषा माणसाने ओढलेली आहे, हेही लक्षात ठेवलेले बरे. एके काळी आपल्याकडचे कित्येक व्यापारी दिवाळी ते दिवाळी असे वर्ष धरत आणि लक्ष्मीपूजनाला नव्या वहीचे पूजन करत. आयकरासाठी सर्वांना १ एप्रिल ते ३१ मार्च हेच वर्ष धरण्याचे बंधन करनिर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचे वर्ष) १९८९-९० पासून आले. धंदा या रेषेपाशी थांबत नाही. करार, विमा, कर्ज, पगार, चालू प्रकल्प हे सारे ती ओलांडून पुढे जातात, म्हणून त्यांचे तुकडे करून प्रत्येक वर्षाला त्याचा वाटा द्यावा लागतो.

हे आकड्यांतून पाहू. पुण्यात संगणक आणि सॉफ्टवेअर सेवा देणारी, बारा कर्मचाऱ्यांची एक लहान खासगी कंपनी आहे अशी कल्पना करा. ती रुग्णालये, शाळा आणि गृहनिर्माण संस्थांच्या यंत्रणांची वार्षिक देखभाल करते आणि अधूनमधून मागणीप्रमाणे सॉफ्टवेअरही तयार करून देते. ३१ मार्च २०२५ रोजी तिच्या टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून समायोजनापूर्वीचे तेरीज पत्रक, म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकींची यादी, काढले, तेव्हा जीएसटी वगळून सेवा उत्पन्न ९६,००,००० रुपये आणि खर्च ७८,००,००० रुपये दिसला. म्हणजे नफा १८ लाख. बँकेतही बऱ्यापैकी शिल्लक आहे, त्यामुळे हा आकडा खरा मानण्याचा मोह मालकाला होणारच.

पहिली नोंद देखभाल कराराची. कंपनीने एका रुग्णालयाशी १ जानेवारी २०२५ पासून एक वर्षाचा करार केला, ६,००,००० रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के दराने १,०८,००० रुपये जीएसटी असे बिल काढले, आणि सारे पैसे जानेवारीतच मिळाले. हिशेबनिसाने सहाही लाख सेवा उत्पन्नात जमा केले. पण ३१ मार्चपर्यंत सेवा तीनच महिन्यांची झाली आहे, म्हणजे दीड लाखाची. उरलेले ४,५०,००० रुपये कंपनीचे उत्पन्न नाहीत, ते तिचे रुग्णालयाला असलेले देणे आहे. उद्या कंपनीने काम थांबवले तर रुग्णालय हीच रक्कम परत मागेल. म्हणून सेवा उत्पन्न खाते ४,५०,००० रुपयांनी नावे करायचे आणि तेवढीच रक्कम ‘आगाऊ मिळालेले उत्पन्न’ या खात्यात जमा करायची, जे ताळेबंदात देयतेच्या बाजूला बसते. १ एप्रिलपासून दरमहा ५०,००० रुपये या खात्यातून निघून उत्पन्नात जातील आणि डिसेंबरअखेर ते शून्य होईल.

इथे जीएसटीमुळे बराच गोंधळ होतो. हा कर सरकारसाठी गोळा केलेला असल्यामुळे तो मुळातच उत्पन्न नाही आणि त्याची वर्षांत विभागणी होत नाही. सेवेसाठी आगाऊ पैसे घेतले किंवा बिल काढले, की जे आधी घडेल त्या तारखेला कराची जबाबदारी येते; रुग्णालयाच्या करारावरचे पूर्ण १,०८,००० रुपये त्यामुळे जानेवारीच्या विवरणपत्रातच भरावे लागले. परिणामी जीएसटी विवरणपत्रांतील उलाढाल आणि नफा-तोटा पत्रकातील उत्पन्न यांत फरक पडतो. या फरकाला घाबरून उत्पन्नाचा आकडा जीएसटीशी जुळवून घेणारे हिशेबनीस आहेत. तसे मुळीच करू नये. फरक का आहे याचे एक पानी जुळवणी पत्रक तयार ठेवावे, तेवढे पुरेसे असते.

दुसरी नोंद याच्या नेमकी उलट दिशेची आहे आणि सगळ्यांत अवघडही तीच आहे. एका गृहनिर्माण संस्थेसाठी ८,००,००० रुपयांचे सॉफ्टवेअर तयार होत आहे. आतापर्यंत ३,००,००० रुपयांचे बिल निघाले आहे, पण काम ६० टक्के झाले आहे. कमावलेले उत्पन्न ४,८०,००० रुपये आहे, म्हणून बिल न काढलेले १,८०,००० रुपये ‘बिल न केलेले उत्पन्न’ या मालमत्ता खात्यात नावे आणि सेवा उत्पन्नात जमा करावे लागतात. पैसे मिळालेले नाहीत, बिलही नाही, तरी उत्पन्न दाखवायचे. ही गोष्ट बहुतेक मालकांच्या गळी उतरत नाही. पण त्या साठ टक्के कामावर राबलेल्या मुलांचे पगार याच वर्षाच्या खर्चात पडले आहेत. खर्च या वर्षी आणि त्याचे फळ पुढच्या वर्षी, असे दाखवले तर दोन्ही वर्षांचे निकाल चुकतात.

अवघड भाग आहे तो हे ६० टक्के ठरवण्याचा. लेखा मानक ९ मध्ये सेवा उत्पन्नासाठी दोन मार्ग सांगितले आहेत: काम जसजसे होईल तसतसे प्रमाणात उत्पन्न धरणे, किंवा संपूर्ण सेवा पुरी झाल्यावरच धरणे. ज्या कामात शेवटची एखादी कृतीच निर्णायक असते आणि तिच्याशिवाय आधीच्या कष्टाला ग्राहकाच्या दृष्टीने मोल नसते, तिथे दुसरा मार्ग योग्य. सॉफ्टवेअरचे पाच विभाग एकामागून एक वापरात येत असतील तर पहिला. आयकराच्या उत्पन्न गणना मानकांतही सेवांसाठी पूर्णत्वाच्या प्रमाणाची पद्धत हाच नियम आहे. ९० दिवसांपर्यंतच्या करारांना काम पूर्ण झाल्यावर उत्पन्न धरण्याची सवलत आहे आणि देखभालीसारख्या, किती वेळा जावे लागेल हे आधी सांगता न येणाऱ्या सेवेसाठी मुदतीवर समान विभागणी मान्य आहे. मात्र टक्केवारी मनाने लिहायची नसते. कर्मचाऱ्यांच्या तासांच्या नोंदी, मूळ अंदाजातील एकूण तास, ग्राहकाने विभाग स्वीकारल्याचे ईमेल हा तिचा आधार असतो. सहाशे तास झाले आणि अंदाज हजाराचा होता म्हणून साठ टक्के, हे गणित तेव्हाच खरे ठरते जेव्हा उरलेले काम खरोखर चारशे तासांत होणार असते. काम रेंगाळले असेल आणि अजून सातशे तास लागणार असतील, तर पूर्णत्व ४६ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून मार्चअखेरीस प्रकल्पप्रमुखाला ‘किती झाले’ असे विचारण्याऐवजी ‘किती उरले’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला माणसे आशेने उत्तर देतात, दुसऱ्याला मोजून.

व्याजाची नोंद त्या मानाने किरकोळ आहे. कंपनीने १ जानेवारीला १०,००,००० रुपयांची मुदत ठेव ७ टक्के दराने ठेवली आहे आणि व्याज मुदतीअंती मिळणार आहे; तरीही तीन महिन्यांचे १७,५०० रुपये या वर्षाचे उत्पन्न आहे. बँका वर्षअखेरीस साचलेल्या व्याजावर करकपात करून ती फॉर्म २६एएस या करखात्याच्या पत्रकात दाखवतात, त्यामुळे ही नोंद राहिली तर नंतर करखात्याच्या आकड्याशी मेळ बसत नाही.

आता खर्चाकडे वळू. कर्मचाऱ्यांच्या गट आरोग्य विम्याचा २,४०,००० रुपयांचा हप्ता १ नोव्हेंबर २०२४ ला वर्षभरासाठी भरला. नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांचे एक लाख या वर्षाचा खर्च. उरलेले १,४०,००० रुपये हा पूर्वदत्त खर्च, म्हणजे ताळेबंदातील मालमत्ता. कार्यालयाचे आगाऊ भाडे, सॉफ्टवेअरचे वार्षिक परवाने, वाहन विमा यांना हाच न्याय लागतो. पण बाराशे रुपयांच्या डोमेन नूतनीकरणाचे महिन्यांवारी तुकडे करत बसू नये. व्यवसायाच्या आकाराप्रमाणे एक मर्यादा ठरवावी, तिच्याखालील रकमा सरळ खर्चात टाकाव्यात आणि ती मर्यादा दरवर्षी तीच ठेवावी. नफा वाढवायचा असेल त्या वर्षी मर्यादा खाली आणि घटवायचा असेल त्या वर्षी वर, असे झाले तर तो हिशेब राहत नाही.

अदत्त खर्च म्हणजे सेवा घेतली पण बिल आले नाही किंवा पैसे दिले नाहीत असे खर्च. मार्च महिन्याचे महावितरणचे बिल एप्रिलमध्ये येते: अंदाजे १८,००० रुपये. लेखापरीक्षण शुल्क ७५,००० रुपये. बाहेरच्या एका डिझायनरने मार्चमध्ये केलेल्या कामाचे ६०,००० रुपये, ज्याचे बिल १२ एप्रिलला आले. एकूण १,५३,००० रुपये संबंधित खर्च खात्यांत नावे आणि अदत्त खर्चात जमा. अशा रकमा शोधण्याची माझ्या मते सर्वांत खात्रीची रीत म्हणजे एप्रिल आणि मे महिन्यांतील प्रत्येक पेमेंट उघडून बघणे आणि ते कोणत्या महिन्यातील सेवेचे आहे हे तपासणे. विसरलेला मार्चचा खर्च तिथे हमखास सापडतो.

या नोंदीला कराची बाजू आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर ते महागात पडते. टीडीएसची, म्हणजे देणाऱ्यानेच आधी कर कापून घेण्याची, जबाबदारी रक्कम जमा केली किंवा दिली, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा येते. ३१ मार्चला डिझायनरच्या आणि लेखापरीक्षकाच्या नावे तरतूद केली, की त्याच दिवशी १० टक्के कपात नोंदवावी लागते, इथे ६,००० आणि ७,५०० रुपये. रक्कम ‘सस्पेन्स’ या तात्पुरत्या खात्यात टाकली म्हणून ही जबाबदारी टळत नाही. मार्चमधील कपात भरण्याची मुदत ३० एप्रिल असते. कपात केलीच नाही तर त्या खर्चाच्या ३० टक्के रकमेची वजावट त्या वर्षी नाकारली जाते. दुसरी गोष्ट, हा डिझायनर उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर लेखी करार नसताना १५ दिवसांत आणि करार असल्यास त्यातील मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, पैसे द्यावे लागतात. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू झालेल्या कलम ४३बी (एच) मुळे ही मुदत उलटली तर खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देण्याच्या वर्षातच मिळते. लहान पुरवठादाराचे पैसे वेळेवर मिळावेत यासाठी ही तरतूद आहे आणि ती असायलाच हवी होती.

दिवाळीला द्यायचा बोनस हाही याच वर्षाचा खर्च. कंपनीने नियुक्तिपत्रांत मान्य केलेला बोनस १,८०,००० रुपये होतो आणि तो ऑक्टोबरमध्ये वाटला जाईल, पण तो कर्मचाऱ्यांनी कमावला आहे तो एप्रिल ते मार्च या काळात. तरतूद करणे म्हणूनच भाग आहे. आयकरात मात्र विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपूर्वी तो प्रत्यक्ष दिला तरच या वर्षी वजावट मिळते. ग्रॅच्युइटी आणि साठलेल्या रजेचा पगार यांचेही तत्त्व हेच आहे. रक्कम काढणे अधिक किचकट असते एवढेच, आणि लहान कंपन्या नेमक्या याच देण्याकडे वर्षानुवर्षे डोळेझाक करतात. मग पंधरा वर्षे नोकरी केलेला माणूस राजीनामा देतो तेव्हा एका महिन्यात सारा बोजा अंगावर येतो.

घसारा, म्हणजे वापराने घटणाऱ्या किमतीचा त्या वर्षाचा खर्च. १ ऑक्टोबर २०२४ ला ९,००,००० रुपयांचे संगणक घेतले. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टाप्रमाणे अशा संगणकांचे आयुष्य तीन वर्षे धरतात. ५ टक्के, म्हणजे ४५,००० रुपये, अवशेष मूल्य (आयुष्य संपल्यावर उरणारी किंमत) धरले तर ८,५५,००० रुपये तीन वर्षांत विभागून वर्षाला २,८५,००० आणि सहा महिन्यांचे १,४२,५०० रुपये होतात. जुन्या संगणकांचा आणि फर्निचरचा घसारा आधीच नोंदवला आहे असे धरू. आयकराचा हिशेब निराळा: संगणकांना ४० टक्के दर, आणि वापर १८० दिवसांपेक्षा कमी असेल तर निम्मा. १ ऑक्टोबरपासून ३१ मार्चपर्यंत १८२ दिवस भरतात, त्यामुळे इथे पूर्ण ३,६०,००० रुपये मिळतील. हेच संगणक दसऱ्याच्या मुहूर्तावर, १२ ऑक्टोबरला, वापरात आणले असते तर करातील घसारा निम्म्यावर आला असता. पुस्तकातील आणि करातील या तफावतीमुळे स्थगित कराची (पुढील वर्षांत वाढणाऱ्या किंवा वाचणाऱ्या कराची) नोंद करावी लागते, ती लेखापरीक्षकाच्या सल्ल्याने करावी.

शेवटची नोंद बुडणाऱ्या येण्याची. एका शाळेकडून गेल्या वर्षीच्या बिलाचे १,१८,००० रुपये येणे आहे. शाळा फेब्रुवारीत बंद पडली. बिलात १८,००० रुपये जीएसटी होता आणि तो कंपनीने आधीच भरला आहे. पैसे बुडाले या कारणावरून तो परत मिळण्याची सोय आपल्या जीएसटी कायद्यात नाही, म्हणून पूर्ण १,१८,००० रुपयांची तरतूद करावी लागते. आयकरात नुसत्या तरतुदीला वजावट नाही, येणे प्रत्यक्ष निर्लेखित करावे, म्हणजे वह्यांतून काढून टाकावे लागते. शाळा फेब्रुवारीत बंद न पडता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिवाळखोर ठरली असती तरी, तिची अवस्था ३१ मार्चलाच खालावलेली होती हे त्या घटनेने सिद्ध झाले असते आणि लेखा मानक ४ प्रमाणे नोंद याच वर्षात आली असती. ज्या ग्राहकाच्या कचेरीला एप्रिलमध्ये आग लागली, त्याची गोष्ट वेगळी: ती परिस्थिती वर्ष संपल्यानंतर निर्माण झाली.

आता बेरीज मांडू. उत्पन्न ९६,००,००० मधून ४,५०,००० वजा, १,८०,००० आणि १७,५०० अधिक: ९३,४७,५००. खर्च ७८,००,००० मधून १,४०,००० वजा, आणि १,५३,०००, १,८०,०००, १,४२,५००, १,१८,००० अधिक: ८२,५३,५००. नफा १०,९४,००० रुपये. अठरा लाखांतून सात लाख सहा हजार गेले आणि बँकेतील एक रुपयाही हलला नाही. समायोजन नोंदीची ओळखच ही आहे: तिचे एक टोक नफा-तोटा पत्रकात आणि दुसरे ताळेबंदात असते, रोख किंवा बँक खाते तिच्यात येत नाही. जर्नल व्हाउचरमध्ये बँकेचे नाव दिसले तर ती समायोजन नोंद नाही, राहून गेलेला एखादा साधा व्यवहार आहे. मालकाने अठरा लाखांच्या भरवशावर सात-आठ लाखांचा लाभांश काढला असता किंवा पुढील देखभाल करारांचे दर उतरवले असते, तर त्याने रुग्णालयाचे आणि स्वतःच्या कर्मचाऱ्यांचे पैसे खर्च केले असते.

काम ३१ मार्चला संपत नाही. १ एप्रिलला यांतील काही नोंदी उलटवाव्या लागतात. बिल न केलेले १,८०,००० रुपये तसेच ठेवले आणि मे महिन्यात पूर्ण बिल काढताना हिशेबनिसाने सगळी रक्कम उत्पन्नात जमा केली, तर तीच रक्कम दोन वर्षांत दोनदा उत्पन्न म्हणून दिसेल. डिझायनरच्या ६०,००० रुपयांचेही तसेच: १२ एप्रिलचे बिल आले की ते नव्या खर्चात टाकायचे नसते, अदत्त खर्चाच्या खात्यातून वळते करायचे असते. घसारा आणि बुडीत येण्याची तरतूद या नोंदी मात्र उलटवायच्या नाहीत, आणि आगाऊ उत्पन्न व पूर्वदत्त विमा महिन्यांच्या हिशेबाने उतरवायचे. प्रत्येक नोंदीसमोर ‘उलटवायची’, ‘उतरवायची’ किंवा ‘राहू द्यायची’ असा शेरा मार्चमध्येच लिहून ठेवला, तर एप्रिलमध्ये नवा हिशेबनीस आला तरी अडचण येत नाही. देखभाल करार आणि विमा यांच्या मासिक नोंदी तर दर महिन्याच्या शेवटी करणेच चांगले. मग मार्चमध्ये फक्त प्रकल्पाची टक्केवारी, अदत्त खर्च आणि संशयित येणी एवढेच निवाड्याचे विषय उरतात आणि त्यांना हवा तेवढा वेळ देता येतो.